एक तंगूस, एक बाटली, एक जुनी पँट: स्ट्रिंग थिअरी नवख्यांना कशी सांगावी

शाळेच्या विज्ञान मंडळात, गावच्या वाचनालयात किंवा देवळाच्या सभामंडपात नववी-दहावीच्या मुलांना आणि त्यांच्यासोबत येऊन बसणाऱ्या मोठ्यांना दीड तासात स्ट्रिंग थिअरी सांगायची असेल, तर पुढची मांडणी उपयोगी पडेल. ऐकणाऱ्याला वर्गमूळ म्हणजे काय एवढे माहीत असले की पुरे. प्रोजेक्टर नको. गोव्यात पावसाळ्यात फोंड्यापासून काणकोणपर्यंत वीज कधी जाईल याचा नेम नसतो हे एक कारण. खरे कारण दुसरेच आहे. पडद्यावर झळाळणारी रंगीत वेटोळी पाहून कोणाला काही कळत नाही, फक्त कळल्यासारखे वाटते. त्यापेक्षा हातात धरता येईल अशी दोरी बरी. तिची तुलना कुठवर खरी आहे आणि कुठे तुटते हे दाखवताही येते. या विषयात सांगणाऱ्याची कसोटी त्या तुटण्याच्या जागांवरच लागते.

आधी नावाचे बघा. फळ्यावर 'तंतू सिद्धांत' असे लिहिले की अर्धा घोटाळा तिथेच होतो. सिद्धांत म्हटले की ही सिद्ध झालेली गोष्ट आहे असे मराठी कानाला वाटते. इथे तसे अजून काही झालेले नाही. 'तंतू उपपत्ती' म्हणा किंवा सरळ स्ट्रिंग थिअरी म्हणा, आणि पहिल्याच मिनिटाला सांगून टाका: विश्वातले सगळे कण आणि गुरुत्वाकर्षण एकाच गोष्टीतून, म्हणजे अतिसूक्ष्म हलत्या तंतूंतून, निघतात का, हे तपासणारी ही एक गणिती मांडणी आहे. तिच्या बाजूने प्रयोगातून मिळालेला थेट पुरावा आजवर नाही. हे शेवटी सांगितले तर लोकांना फसल्यासारखे वाटते. आधी सांगितले तर ते सावध बसतात आणि प्रश्नही चांगले विचारतात.

भागाकाराची दोरी

कपडे वाळत घालायची 4 मीटर दोरी घ्या. एका टोकाला कागद लावा, त्यावर '1 मीटर' असे लिहा. तिथून दर 10 सेंटिमीटरवर एक, अशा 35 खुणा करा. खूण म्हणजे लाल लोकरीचा तुकडा किंवा चिमटा. गाठी मारायच्या नाहीत, कारण प्रत्येक गाठ दोरी खाते. मोजून घेतलेली 4 मीटर दोरी मग कमी पडते आणि शेवटच्या गाठी मिळतच नाहीत.

प्रत्येक खुणेला आधीच्या लांबीचा दहावा भाग. तिसऱ्या खुणेवर मिलिमीटर, दहाव्यावर अणू, पंधराव्यावर प्रोटॉन. एका मुलाला बोट सरकवत न्यायला सांगा आणि एकोणिसाव्या खुणेवर थांबवा. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरची, म्हणजे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राची, नजर साधारण इथवर पोचते, म्हणजे 10⁻¹⁹ मीटरच्या आसपास. तंतू असलेच तर ते पस्तिसाव्या खुणेच्या किंचित अलीकडे असावेत असे बहुतेकांचे गणित सांगते. त्या जागेला प्लांक लांबी म्हणतात, 1.6 × 10⁻³⁵ मीटर. तंतू याहून काहीसे मोठेही असू शकतील, उपपत्ती तो आकडा ठामपणे बांधून देत नाही. मुलाचे बोट एकोणीसवर तसेच राहू द्या आणि पुढच्या सोळा खुणा रिकाम्या आहेत हे सगळ्यांना पाहू द्या. 'पुरावा का नाही?' या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

इथे एक चूक हमखास होते. दोरी वजाबाकीची आहे असे मुले धरून चालतात: 'दहापासून एकोणीस नऊ खुणा आलो, आता सोळाच राहिल्या.' ती मोडायला मिरामारची वाळू वापरा. प्लांक लांबी फुगवून अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूच्या कणाएवढी केली आणि त्याच पटीने अणूही फुगवला, तर अणू सुमारे 3 लाख प्रकाशवर्षे रुंद होईल. आपली आकाशगंगा साधारण 1 लाख प्रकाशवर्षांची, म्हणजे तीन आकाशगंगा शेजारी शेजारी मांडाव्यात तेवढा. हा हिशेब फळ्यावर करून दाखवा (0.0005 भागिले 1.6 × 10⁻³⁵, गुणिले 10⁻¹⁰), नुसता तोंडी सांगू नका. नुसता तोंडी सांगितलेला मोठा आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही.

या दोरीला दहा मिनिटे पुरतात.

एकतारी फळी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्याला निदान पंचवीस मिनिटे द्या आणि आदल्या दिवशी एकदा सगळे जोडून पाहा.

80 सेंटिमीटर लांब, 10 रुंद आणि 2 जाड फळी लागेल. फणसाची असेल तर उत्तम, सागवानाची चालते, प्लायवूडवर आवाज थोडा दबतो. तार म्हणून मासे गरवायची नायलॉनची दोरी, म्हणजे तंगूस, 0.5 मिलिमीटर जाडीची 2 मीटर. म्हापशाच्या बाजारात किंवा मासेमारीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते, जाडी वेष्टनावर छापलेली असते. धातूची तार घेऊ नका. ती तुटली तर डोळ्याला धोका, आणि नायलॉनपेक्षा बरीच जड असल्यामुळे एवढ्या वजनाला ती मोकळा सूर देत नाही. याशिवाय एक स्क्रू, दोन घोड्या (लाकडाची त्रिकोणी पट्टी किंवा बॉलपेनची कांडी), एक लहान कप्पी, 2 लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

स्क्रू एका टोकाला, कप्पी दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन घोड्या बरोबर 60 सेंटिमीटर अंतरावर. हे अंतर कडेपासून कडेपर्यंत नाही, तार जिथे घोडीला टेकते त्या दोन जागांमध्ये मोजायचे. घोड्यांमध्ये 20, 30 आणि 40 सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघा मारा. फळी टेबलावर अशी ठेवा की कप्पी कडेच्या बाहेर येईल, स्क्रूच्या टोकावर दोन विटा ठेवा. तंगूस स्क्रूला बांधून घोड्यांवरून, कप्पीवरून खाली सोडा आणि बाटलीच्या मानेला घट्ट बांधा. बाटली जमिनीपासून निदान 20 सेंटिमीटर वर हवी, कारण नायलॉन ताणाखाली हळूहळू लांबते आणि बाटली खाली उतरत जाते. वजन लटकते आहे तोवर ताण तोच राहतो, त्यामुळे सूर बिघडत नाही. बाटली जमिनीला टेकली की मात्र खेळ संपला. जून-जुलैच्या दमट हवेत तंगूस आणखी सैल पडते, तेव्हा थोडे जास्त अंतर ठेवा.

आता पाणी भरा, पण मिलिलिटर मोजून नको, वजन करून भरा. रिकाम्या बाटलीचे वजन साधारण 50 ग्रॅम असते, तेही त्यात धरायचे. पहिल्यांदा बाटली आणि पाणी मिळून 500 ग्रॅम. तार छेडा. साधारण 123 हर्ट्झचा खोल सूर येईल. त्याला षड्ज माना आणि पेटीवर किंवा फोनवरच्या तानपुऱ्यात तो शोधून धरा.

मग विचारा: वजन चौपट केले तर सूर किती चढेल? बहुतेक जण म्हणतील चौपट. वजन 2 किलो करा आणि छेडा. तार षड्ज लागतो, म्हणजे दुप्पटच, 246 हर्ट्झच्या जवळपास. पेटीवर हे पांढरी सातच्या आसपास येते. कंपनाची गती ताणाच्या वर्गमुळाने वाढते, हे एका बाटलीने ऐकवले. मध्ये 1125 ग्रॅमवर एकदा थांबायला विसरू नका. 1125 म्हणजे 500 च्या 2.25 पट, वर्गमूळ दीड, आणि कानावर येतो पंचम. ज्याने कधी तानपुरा जुळवला आहे असा एखादा आजोबा सभेत असेल तर तो इथे मान डोलावतोच. त्यालाच विचारा पंचम बरोबर लागला का, तुमच्या फोनपेक्षा त्याचा कान भरवशाचा असेल.

बिघडते ते असे. पंचम उतरलेला वाटला तर दोष बहुधा घर्षणाचा असतो. घोडीवर किंवा कप्पीवर तार अडकते आणि बाटलीचा सगळा ताण मधल्या भागापर्यंत पोचत नाही. बाटली दोन बोटांनी किंचित उचलून सोडा, दोन-तीनदा. तरीही उतरलेला राहिला तर घोडीवर जुनी मेणबत्ती घासा. सूर डोलत असेल तर बाटली झोके घेते आहे, ती थांबेपर्यंत धीर धरा. तार खरखरत असेल तर ती फळीला लागते आहे, घोडी 5 मिलिमीटरने उंच करा. आवाजच बारीक असेल तर फळीखाली बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवा. आणि तुमचा षड्ज 123 ऐवजी 115 किंवा 130 आला तर ते सोडून द्या. तंगुशीची जाडी वेष्टनावर असते तशी तंतोतंत असतेच असे नाही. गुणोत्तर तेवढे जपा.

यानंतर वजन 2 किलोवरच ठेवून एका तारेतून अनेक सूर काढायचे. वर्तमानपत्राच्या 3 मिलिमीटर रुंद आणि 1 सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा, मधोमध दुमडून तारेवर घोडेस्वारासारख्या बसवा: एक 30 सेंटिमीटरवर, एक 40 वर, एक 50 वर. 20 च्या रेघेवर तारेला बोट फक्त टेकवा, दाबू नका. 10 सेंटिमीटरवर छेडा आणि बोट लगेच काढा. 30 आणि 50 वरचे स्वार उडून पडतात, 40 वरचा जागच्या जागी बसून राहतो. तार तीन तुकड्यांत हलते आहे आणि 40 ही तिची स्तब्ध जागा आहे, हे मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसते. तिन्ही स्वार उडाले तर छेडणे जोराचे झाले किंवा बोट दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे पडले.

इथून स्ट्रिंग थिअरीकडे वळायचे. तार जितक्या जास्त तुकड्यांत हलते तितकी तिच्यात ऊर्जा जास्त. आइनस्टाइनच्या सूत्राने ऊर्जा म्हणजेच वस्तुमान. म्हणून एकाच जातीचा तंतू वेगवेगळ्या रीतीने हलला की लांबून पाहणाऱ्याला तो वेगवेगळ्या वस्तुमानाचा, वेगवेगळ्या गुणांचा कण वाटतो. कणांची लांबलचक यादी एका तंतूच्या हलण्यात मावते, ही मूळ कल्पना. हे वाक्य सांगून दोन क्षण गप्प बसा.

तुलना कुठे तुटते

'एक सूर म्हणजे इलेक्ट्रॉन, दुसरा सूर म्हणजे क्वार्क' असे जिथे-तिथे लिहिलेले आढळते. ऐकायला गोड आहे, पण अर्धवट आहे. वरच्या सुरांची, म्हणजे जास्त तुकड्यांत हलणाऱ्या तंतूंची वस्तुमाने प्रचंड असतात. तंतू प्लांक लांबीएवढे मानले तर पहिलीच वरची पायरी प्रोटॉनच्या साधारण 10¹⁹ पट जड पडते, म्हणजे 0.02 मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळाच्या एका दाण्याचा हजारावा भाग म्हणा, आणि तो एका कणात! असा कण कोणत्याही यंत्रात तयार झालेला नाही. आपल्याला माहीत असलेले सगळे कण, इलेक्ट्रॉनपासून प्रकाशाच्या फोटॉनपर्यंत, या हिशेबात सर्वात खालच्या, जवळजवळ शून्य वस्तुमानाच्या पायरीवरचे. त्यांच्यातला फरक तंतू किती वेगाने हलतो यावरून पडत नाही. तो कोणत्या दिशेने हलतो आणि लपलेल्या मितींची, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या जादा दिशांची, घडी कशी आहे, यावरून पडतो. सभेत हे चार वाक्यांत सांगा, पण गाळू नका. पुढे विज्ञान शिकणाऱ्या मुलाला चुकीची पाटी कोरी करून पुन्हा लिहावी लागते, त्याचे कष्ट वाचतात.

आणखी एक तूट घोड्यांची. फळीवरच्या तारेची दोन्ही टोके बांधलेली आहेत. मोकळा तंतू अवकाशात तरंगतो, त्याला कोणी खिळे ठोकलेले नसतात. पण काही तंतूंची टोके एका पृष्ठभागाला चिकटलेली असू शकतात, फक्त त्या पृष्ठभागावरूनच सरकणारी. त्या पृष्ठभागाला डी-ब्रेन म्हणतात आणि 1995 साली जोसेफ पोल्चिन्स्की यांनी त्यांचे महत्त्व दाखवले. फळीवरची घोडी हे त्याचे ओबडधोबड रूप मानता येईल.

तिसरी तूट आवाजाची. तंतू वाजत नाही. ऐकू येण्यासाठी हवा लागते आणि इथे हवेचा रेणूच तंतूंचा बनलेला आहे. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 पासून व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत अवकाशात प्रवास करते आहे, पण बाहेरच्या पोकळीत तीही कोणाला ऐकू जाणार नाही.

सभामंडपात कार्यक्रम असेल तर या टप्प्यावर कोणीतरी नक्की उठून म्हणेल, 'म्हणजे आपले नादब्रह्मच की हो!' वाद घालू नका, टाळीही घेऊ नका. नादब्रह्म ही उपासनेची कल्पना आहे आणि तिला तिचा मान आहे. स्ट्रिंग थिअरीचे बरे-वाईट मात्र तिच्या आकडेमोडीवर ठरते. 500 ग्रॅमला षड्ज आणि 2000 ला तार षड्ज असे आकडे जी मांडणी आधी सांगू शकते तिलाच तपासता येते. बाटलीकडे बोट दाखवून एवढेच बोला.

फुगडीचे कडे आणि गुरुत्वाकर्षण

तंतू दोन जातींचे: टोके असलेले आणि वेटोळ्यासारखे बंद. बंद तंतूसाठी बारा मुले फुगडीला उभी राहतात तशी गोल उभी करा, हात धरून. एकाला सांगा, डावीकडच्याचा हात वर-खाली हलव, त्याने पुढच्याचा, असे कडेभर. ही एका दिशेने फिरणारी लाट. मग दुसऱ्या मुलापासून उलट दिशेने लाट सोडा, पण ही आत-बाहेर हलवायची. दोन लाटा एकाच कड्यावर एकमेकींतून पार होतात. पहिल्या खेपेला गोंधळ होतो, कारण दोन लाटा जिथे भेटतात तिथला मुलगा आपली लाट विसरतो. समोरासमोर दोन समजूतदार मुले ठेवली आणि आधी एक-एक लाट वेगळी फिरवून घेतली की जमते.

आता मुद्दा. बंद तंतूवर दोन लाटा असतात, प्रत्येकीला स्वतःची हलण्याची दिशा, म्हणजे दिशांची जोडी. भौतिकशास्त्रात जोडीने दिशा दाखवणारा, वस्तुमान नसलेला कण म्हटला की तो गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा ग्रॅव्हिटॉनच असावा लागतो. तंतूंच्या हिशेबात तो कोणी मुद्दाम घातलेला नाही, बंद तंतू मानला की तो आपोआप निघतो. 1974 साली जोएल शेर्क आणि जॉन श्वार्ट्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे तामिआकी योनेया यांनी हे ओळखले. त्याआधी या मांडणीत हा नको असलेला कण सारखा डोके वर काढत होता आणि लोक त्याला दोष मानत होते.

पँटीची शिवण

कण बिंदू मानले तर गुरुत्वाकर्षणाचे पुंज (क्वांटम) गणित का फसते, हे दाखवायला एक बेचकी आणि एक जुनी पँट पुरते. दोन कण येऊन एक होतात: बेचकीच्या दोन फांद्या एका सांध्याला मिळतात. तो सांधा कोठूनही पाहा, एकाच जागी असतो. सगळी ताकद त्या एका बिंदूत कोंबली जाते आणि हिशेबात अनंत आकडे येतात. इतर बलांच्या बाबतीत ते आवरता येतात, गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत आवरत नाहीत.

पँट टेबलावर पायाकडून कमरेकडे पसरा. दोन पाय म्हणजे काळाबरोबर पुढे सरकणारे दोन बंद तंतू, कंबर म्हणजे त्यांचा झालेला एक. खडूने आडव्या समांतर रेघा मारत वर या. प्रत्येक रेघ हा एक क्षण. दोन पाय जिथे एक झाले तिथे ठिपका द्या. आता दुसऱ्या रंगाच्या खडूने रेघा तिरप्या मारा, कारण वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाचे 'आत्ता' तिरपे असते. जोड दुसऱ्याच जागी पडतो. खडूने पुरेसा फरक दिसायला तिरपेपणा निदान तीस अंशांचा ठेवा, आणि घट्ट जीन्सपेक्षा ढगळ पायजमा घ्या. शिवणीचा टोकदार कोपरा दिसला तर मुले तोच सांधा धरून बसतात. तंतू जुळतात त्याला ठराविक जागा नाही, जोड सगळ्या कापडावर पसरलेला आहे. अनंत आकडे न येण्याचे कारण या पसरण्यात आहे. मांडणीतला हा सगळ्यात सुंदर भाग, आणि बहुतेक व्याख्यानांत तोच गाळलेला असतो.

लपलेल्या मिती

गणित जुळायला तंतूंना दहा मिती लागतात: एक काळाची, नऊ अवकाशाच्या. आपल्याला अवकाशाच्या तीन दिसतात. उरलेल्या सहा कुठे?

5 मिलिमीटर जाडीची पांढरी दोरी दोन खांबांमध्ये बांधा आणि तिच्यावर निळ्या मार्करने गोल-गोल फिरत जाणारी रेघ काढा. मुलांना जवळून ती दाखवा. मग मोजून 17 मीटर मागे न्या. माणसाचा डोळा साधारण एक कलेएवढा, म्हणजे अंशाचा साठावा भाग, बारकावा ओळखतो. त्या हिशेबाने 5 मिलिमीटरची जाडी 17 मीटरवर हरवते. दोरी दिसते, पण निव्वळ रेघ म्हणून. निळा वेढा गायब. तीक्ष्ण डोळ्यांच्या मुलांना 25 मीटर लागतील. देवळाचे आवार यासाठी पुरते, वर्गखोली पुरत नाही. खोलीत करायचे तर 1 मिलिमीटरचा दोरा आणि साडेतीन मीटर अंतर. दोरीवर मुंग्या आणायला गूळ लावायचा मोह टाळा. मुंग्या येतात, पण सांगितल्यासारख्या चालत नाहीत. बोटाने दाखवा: लांबून पाहणाऱ्याला जायला एकच दिशा, मुंगीला दोन, कारण तिला दोरीभोवतीही फिरता येते. प्रत्येक बिंदूपाशी अशी एक बारीक गुंडाळलेली दिशा असू शकते, ही कल्पना थिओडोर कालुत्सा यांनी 1921 साली मांडलेल्या पाचव्या मितीतून आणि ऑस्कर क्लाइन यांनी 1926 साली ती गुंडाळून लहान केल्यातून आली. स्ट्रिंग थिअरीत गुंडाळायच्या सहा असतात आणि त्यांच्या एका प्रकारच्या घड्यांना कालाबी-याऊ म्हणतात. त्यांची चित्रे दाखवलीत तर ते सहा मितींतल्या आकाराचे कागदावरचे काप आहेत असे सांगा.

आता एक रबरबँड दोरीला वेढा. बिंदूसारखा कण दोरीवरून फक्त फिरू शकतो. तंतू मात्र असा वेढा घालून बसू शकतो, आणि कापल्याशिवाय तो वेढा निघत नाही. दोरी जाड असेल तर रबर जास्त ताणले जाते, म्हणजे वेढ्याची ऊर्जा वाढते. उलट, गुंडाळलेल्या दिशेने फिरण्याची पुंज ऊर्जा दोरी जाड झाली की कमी होते. या दोघांची अदलाबदल केली की अतिबारीक दोरी आणि तेवढीच जाड दोरी तंतूला एकसारख्याच वाटतात. तंतूच्या नजरेत 'त्याहून लहान' याला एका मर्यादेपलीकडे अर्थच उरत नाही. वेळ कमी असेल तर हे वगळा, पण रबरबँड हातात ठेवा. कोणीतरी विचारतेच.

इतिहास आणि प्रश्न

इतिहासाला पाच मिनिटे. 1968 साली गाब्रिएले व्हेनेझियानो यांनी अणुगर्भातल्या कणांच्या टकरींसाठी एक सूत्र मांडले. दोन वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड यांनी ते सूत्र हलत्या तंतूचे आहे हे ओळखले. 1984 साली मायकेल ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी गणितातली एक मोठी विसंगती दूर केली आणि विषयाला तोंड फुटले. पाच वेगळ्या उपपत्ती तयार झाल्या. 1995 साली एडवर्ड विटन यांनी त्या एकाच मांडणीची, तीही दहाऐवजी अकरा मितींच्या, पाच रूपे असावीत असे सुचवले. त्या वाटेवरचा महत्त्वाचा पुरावा 1994 साली भारतीय शास्त्रज्ञ अशोक सेन यांनी दिला होता. 2001 साली या विषयाची जागतिक परिषद मुंबईत भरली होती, हेही सांगा. हे सगळे परदेशातच चालते असा समज मुलांच्या मनात पक्का असतो.

प्रश्न साधारण ठरलेले. 'तंतू कशाचा बनलेला?' कशाचाच नाही, बाकीचे सगळे त्याचे. हे उत्तर चुकवल्यासारखे वाटते, तरी तेच द्या. इलेक्ट्रॉन कशाचा हे विचारले तर आजही हेच उत्तर मिळते. 'मग हे खोटे कसे ठरणार?' हा सगळ्यात अवघड. काही प्रकारांत माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार कण असेल असे भाकीत होते, पण लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये ते आजवर सापडलेले नाहीत. त्याने उपपत्ती मोडत नाही, कारण ते कण आणखी जड असू शकतात. टीकाकारांचा आक्षेप नेमका इथेच आहे. शिवाय सहा मितींच्या घड्या घालण्याच्या रीती इतक्या निघतात की 10⁵⁰⁰ असा आकडा सांगितला जातो, आणि आपले विश्व त्यांतले कोणते हे निवडायची पद्धत नाही. 'मग उपयोग काय?' याला उत्तर आहे. 1996 साली स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका विशिष्ट जातीच्या कृष्णविवराची एंट्रॉपी, म्हणजे त्याच्या आतली रचना किती रीतींनी होऊ शकते याचे माप, तंतू आणि ब्रेन मोजून काढली आणि ती हॉकिंग-बेकेन्स्टाइन सूत्राशी तंतोतंत जुळली. ते कृष्णविवर आकाशात दिसणाऱ्यांपैकी नव्हे, कागदावरचे होते, तेही सांगा.

सभा उठल्यावर मुलांना फळीवर हात लावू द्या, पण बाटली काढूनच. 2 किलोच्या ताणाखालची तार कोणी ओढली आणि गाठ सुटली तर बाटली पायावर येते. रात्रभर ताणून ठेवलेली तंगूस दुसऱ्या दिवशी घोडीच्या जागी चेपलेली असते आणि तिथे सूर फाटतो. पाणी झाडांना ओता. तंगूस सोडवून हातभर व्यासाच्या सैल वेटोळ्यात गुंडाळा. घडी पडली तर तो तुकडा टाकून द्या आणि नवी लावा, दोन मीटरला फारसे पैसे पडत नाहीत. कप्पीला तेलाचा एक थेंब द्या. गोव्याच्या हवेत महिनाभरात ती गंजून अडते, आणि पुढच्या सभेत पंचम उतरला की दोष सगळ्यात आधी तिथेच शोधायचा.